अकरा कोसांचा पाहुणचार

सायकल मला रुसून मिळाली. लग्नात नवरदेवाने पंगतीत रुसून बसायचं आणि सासरच्यांनी काहीतरी देऊन त्याचा रुसवा काढायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या ओळखीतल्या कुणी अंगठी मागितली होती, कुणी घड्याळ, एका बहाद्दराने दुभती म्हैस. मी ताटाला हात न लावता नुसतं म्हणालो, सायकल. सासरे हसले, एवढंच ना म्हणाले, आणि महिन्याभरात अकोल्याहून बैलगाडीत कडबा अंथरून त्यावर निजवलेली विलायती सायकल आली. काळी कुळकुळीत, चेनवर झाकण, पुढे दिवा, मागे कॅरिअर. ती उतरवताना अर्धं गाव जमलं होतं, आणि मी उगाचच एक हात तिच्या सीटवर ठेवून उभा होतो.

ही एकोणीसशे तिसाच्या पुढची, वऱ्हाडातली गोष्ट. मी वाशीमचा, चार भावांतला तिसरा. वडील लवकर गेले, शेत नावापुरतं. मॅट्रिक झालो तेवढंच भांडवल. सासऱ्यांचं गाव मानोऱ्यापासून कोसभरावर. घर मोठं, जमीन मोठी आणि मूल एकच, ती मुलगी. म्हणून अटही एकच होती, की जावयाने इथेच येऊन राहायचं. आईने आणि मामाने होकार दिला. मीही नाही म्हणालो नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ दुसऱ्यांना दोष देणार आहे.

घरजावयाला लोक आळशी समजतात. खरं म्हणजे त्याला काम करू देत नाहीत. मी विहिरीवरची बादली उचलली की कुणीतरी धावत येऊन ती हातातून घेई. शेतात गेलो तर सालगडी काम सोडून उभे राहत आणि बाभळीखाली घोंगडं अंथरत. एकदा मी वखरावर उभा राहिलो तर सासऱ्यांनी मला संध्याकाळी ओसरीवर बोलावून अगदी मायेने समजावलं, की लोक हसतात, जावयाला जुंपला म्हणतात. त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. टपालाने तीन दिवस शिळं वर्तमानपत्र येई, ते त्यांना वाचून दाखवायचं, दोन्ही वेळा जेवायचं आणि आल्यागेल्यासमोर बसायचं. दोन वर्षांत मी चांगला गरगरीत झालो आणि आतून मात्र रोज थोडा चिडत गेलो.

सायकल तेवढी माझी होती. संध्याकाळी ऊन उतरलं की मी तिला बाहेर काढी. आमच्या त्या भागात सपाटी अशी नाहीच. रस्ता टेकाडावर चढतो, नाल्यात उतरतो, पुन्हा चढतो. चढावर गाड्यांच्या चाकोऱ्यांतून सायकल हाताने रेटावी लागे, पण माथ्यावर पोचलं की पलीकडे काळी शेतं, मधूनमधून पळसाची झाडी, लांब एखादा तांडा आणि त्याच्यावरचा धूर, सगळं एकदम समोर येई. मग उतार. उतारावर पाय उचलून धरायचे आणि हँडलवरचे हातही सोडायचे. तेवढा वेळ मी कुणाचा जावई नसे. खाली नाल्याशी पोचलो की सायकल वळवायची, कारण अंधाराच्या आत घरी नसलो की दोन माणसं कंदील घेऊन शोधायला निघत.

मॅट्रिकच्या वेळी अमरावतीला वसतिगृहात माझ्या खोलीत कोकणातला एक मुलगा होता. मी त्याला हुरडा खायला शिकवला आणि त्याने मला समुद्राच्या गोष्टी सांगून सांगून वेड लावलं. त्याच्याकडचा रस्ता म्हणे समुद्राला धरून जातो. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला माडांच्या वाड्या, चढ आला की खाली लाटा दिसतात, उतार आला की वाऱ्याला मीठ लागतं. मध्ये खाडी आली की सायकल होडीत घालायची आणि पलीकडे उतरून पुन्हा पायंडल मारायचं. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत आपण दोघांनी असंच जायचं, असं आम्ही तिथेच खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं. मी तोवर वाशीमच्या तळ्याहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

लग्नानंतरही त्याची पत्रं येत. त्या वर्षी उन्हाळ्यात आलेल्या पत्रात लिहिलं होतं, की त्याला रंगूनला नोकरी लागली आहे, जूनमध्ये जायचं आहे, पुन्हा केव्हा येणं होईल ते ठाऊक नाही. मुंबईहून अमुक दिवशी सकाळी रत्नागिरीची बोट सुटते, पावसाळ्याआधीची ती शेवटची. तू सायकल घेऊन धक्क्यावर ये, मी माझी घेऊन उभा असेन. आलास तर जाऊ, नाही आलास तर मी एकटा घरी जाईन. येतो असं मी लगेच लिहून कळवलं, आणि हे पत्र इतक्या वेळा उघडून पाहिलं की घडीवर फाटलं.

हिशेब सोपा होता. कारंजा आमच्याकडून अकरा कोस. दुपारी चार वाजता तिथून छोटी गाडी मूर्तिजापूरला जाई, तिथे मुंबईची मेल मिळे, आणि सायकल सामानाच्या डब्यात घालता येई. पहाटे निघालो तर चढउतार धरूनही मी दहाच्या आत कारंज्यात असतो. पेच एकच होता. तो धोंड्याचा महिना होता.

अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, नवं धोतर-उपरणं द्यायचं. पण रोज घरातच असलेल्याला बोलावणार कसं? सासऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. मला वाजंत्री लावून मारुतीच्या देवळापर्यंत नेलं आणि तिथून वाजवत गाजवत परत घरी आणलं. जिथून निघालो त्याच दारात माझे पाय धुतले. लोकांना फार मौज वाटली. मला त्या वेळी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना सांगितलं, मित्र परदेशी चालला आहे, त्याला भेटायला मुंबईकडे जाऊन येतो, पंधरा दिवस लागतील. नाही म्हणतील या खात्रीने मी भांडण तयार करून आणलं होतं. ते म्हणाले, "जा न. जवायाले कोन अडवते?" आणि पान लावायला बसले. माझं सगळं भांडण तोंडातच राहिलं.

बायकोला मी काही सांगितलं नाही. त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. दिवसा नवराबायकोने वडीलधाऱ्यांसमोर बोलायची सोय नव्हती, आणि जेव्हा सोय असे तेव्हाही आम्ही फारसं बोलत नसू. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. घर तिचं, गाव तिचं, विहीर तिची, शेजारणी लहानपणापासूनच्या. मी आपला पाहुणा. मला वाटे, हिला काय कमी आहे.

निघायच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी सायकल बाहेर काढली. अंगावर धोंड्याचं नवं धोतर आणि जरीकाठी उपरणं होतं, कारण तेच धुतलेलं होतं. हँडलला पाण्याची छागल अडकवली, कॅरिअरला पिशवी बांधली. हवा गार होती. पहिल्या दोन चढांवर मला दमसुद्धा लागला नाही. मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या आणि माझी घंटी ऐकून हसत होत्या. आयुष्यात इतका हलका मी त्याआधी झालो नव्हतो, नंतरही क्वचितच.

पहिल्या गावाच्या वडाखाली सासऱ्यांचे चुलतभाऊ तांब्या घेऊन रस्त्यात उभे होते. मला वाटलं, सकाळचे बाहेर पडले असतील. त्यांनी सायकलचं हँडलच धरलं. पाणी पिऊन जा म्हणाले. पाणी घरात होतं, घरात पाट मांडलेला होता आणि पाटापुढे रांगोळी होती. त्या उजाडत्या वेळी पाच धोंडे खाऊन, नारळ आणि उपरणं घेऊन मी तिथून सुटलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, वेळ पुष्कळ आहे.

दुसऱ्या गावी सासऱ्यांची आत्या. ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांनी अधू. नातवाचा खांदा धरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती, आणि केव्हापासून बसली होती कोण जाणे. तिने चाचपून माझे पाय शोधले आणि स्वतःच्या हाताने धुतले. अशा बाईला घाई आहे म्हणून कसं सांगायचं? तिथे पुन्हा पुरण, वर तूप, आणि अनारशांची एक चुमडी. जेवलेल्या जावयाला उन्हात सोडत नाहीत म्हणून खाट टाकली. मी उठू लागलो की ती म्हणे, "कायले घाई करून राह्यले बाप्पा, जरा आडवे व्हा," आणि मी आडवा झालो हे तिला दिसत नसल्यामुळे ती हाताने तपासून पाही.

तिथून सुटलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कॅरिअरवर नारळ, उपरणी, अनारसे, एक पितळी ताट. पोटात दोन जेवणं. रस्ता तापलेला, आणि सकाळी जो चढ मला माझा वाटला असता तो आता माझ्या छातीवर बसला होता. सायकल रेटताना ताट आणि नारळ एकमेकांवर आपटून असा आवाज होई की शेतातली माणसं मान वर करून पाहत आणि ओळखत, की कुणाचा तरी जावई चालला आहे.

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथे तरी कुणी नात्यातलं नाही, म्हणून मी जीव खाऊन पायंडल मारलं. तांड्याचा नाईक मधोमध उभा होता, दोन्ही हात पसरून. मागे घोंगडं, घोंगड्यापुढे लापशीची परात. मी सायकलवरून उतरलोच नाही. म्हणालो, नाईक, माझी गाडी चुकते, तुमच्यात कुठे धोंडा असतो? तो ओशाळा झाला. म्हणाला, "आमच्यात नसते हो. पन मालकाचा निरोप आल्ता, जवाई उपाशी जाऊ नये म्हून. तुमी असेच गेले त मालक आमाले काय म्हनतीन?"

निरोप. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वडाखालचा तांब्या, आत्याचा दगड, पाटापुढची रांगोळी. मला अडवायचं नाही, नुसतं जेवू घालायचं. सासऱ्यांचा तो सौम्य आवाज कानात वाजला. ते सगळं ओझं, नारळ, ताट, उपरणी, मी सोडून त्या घोंगड्यावर टाकलं. नाईकाची बायको लापशीचा घास हातात घेऊन उभी होती. तिचा काही दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तो घास घेतला नाही.

पुढचे कोस मी कसे कापले ते आठवत नाही. बाभळीचा काटा लागून मागचं चाक बसलं, ते रस्त्यातच सोडवून, ठिगळ लावून, पंप मारून उभं केलं. शेवटच्या टेकाडाच्या माथ्यावर आलो तर खाली कारंजा दिसत होतं, जिनिंगची धुराडी, घरांची दाटी, आणि दाटीच्या कडेने मूर्तिजापूरच्या दिशेला चाललेला धुराचा एक लहानसा पट्टा. गाडी हळू चालायची, इतकी हळू की लोक तिची थट्टा करत. मी उतारावर हात न सोडता, ब्रेक न लावता सायकल फेकली. स्टेशनात पोचलो तेव्हा फलाटावर एक माणूस झाडू मारत होता.

तार करायची तर कुठे? मित्र तर धक्क्यावर असणार. मी बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळेला बोट सुटायची होती, त्या वेळेला मी कारंज्याच्या धर्मशाळेत तोंड धूत होतो. तो सायकल धरून किती वेळ उभा राहिला असेल, याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे परत निघालो, तोच रस्ता. तांडा आला, कुणी आडवं आलं नाही. आत्याचा दगड रिकामा होता. वडाखाली एक गाय बसली होती. एकदा मान झाला की झाला, पुन्हा कोण विचारतो. अकरा कोस मी साडेचार तासांत कापले, तेही चढावर उतरून. दारात सायकल भिंतीला टेकवली तेव्हा माझ्या घड्याळात दहासुद्धा वाजले नव्हते.

सासरे ओसरीवर होते. मी चप्पल न काढताच विचारलं, की मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं, गावोगाव निरोप कशाला धाडले? त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. ते घाबरलेले दिसले, आणि घाबरलेले ते मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणाले, "म्या? म्या कायले धाडू निरोप?" त्यांना खोटं बोलता येत नसे. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

मी आत गेलो. बायको परसात, तुळशीच्या ओट्याशी उभी होती. दिवसाउजेडी, बाप हाकेच्या अंतरावर असताना ती माझ्याकडे सरळ पाहत होती. म्हणाली, "निरोप म्या धाडला. बाबाच्या नावानं, गड्यासंगं."

मी काहीबाही बोललो. तुला काय वाटलं, मी पळून चाललो होतो? असा कैदी केला आहे तुम्ही सगळ्यांनी मला, आणि त्यात तूही. दोन वर्षं साठलेलं सगळं ओकलो. पंधरा दिवस, म्हणालो, पंधरा दिवस फक्त मागितले होते. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुमी बाबाले सांगतलं. दोस्ताले लिवलं. मले नाई सांगतलं. मले गड्याच्या बायकोनं सांगतलं, का तुहा नवरा सायकल घेऊन समुद्राकडे चालला म्हून."

तिने ओट्याजवळची रिकामी कळशी पुढे ओढली.

"तुमी आले नसते वापस, त म्या कुठी जावं? दुसऱ्या बायाइचं बरं असते. भांडन झालं, नवऱ्यानं टाकलं, नुसतं कंटाळा आला, त माहेरी जातात. मी जलमली तवापासून इथंच हाये. मले माहेरच नाई."

ती रडली नाही. बोलून झालं तशी कळशी उचलून विहिरीकडे गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या साऱ्या लेकी माहेरी येत. निंबाला झोके बांधत, घरोघर फिरत, हसून हसून दुमडत. त्यांच्यासाठी चुलीपुढे बसून आंब्याचा रस आणि कुरडया करणारी ही एकटीच असे. दोन आखाज्या मी ओसरीवर बसून ते पाहिलं होतं. ती त्या घरातून कधी निघालीच नव्हती, म्हणून तिला कधी कुणी आणायला गेलं नव्हतं, की तिच्या वाटेकडे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. मी निदान अकरा कोस जाऊन गाडी चुकवून आलो होतो.

मित्राचं रंगूनहून एक पत्र आलं. दोनच ओळी होत्या, रागाच्या नव्हत्या. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आता पाहावासा वाटतो असंही नाही.

त्या दिवाळीत मी सासऱ्यांना विचारलं नाही, सांगितलं. दमणी जुंपून घेतली, ती छपराची हलकी गाडी, आणि बायकोला मंगरूळपीरच्या वाटेने वाशीमला माझ्या आईकडे घेऊन गेलो. वाटेत दर्ग्यापाशी बैल सोडले तेव्हा तिने पडदा सारून बाहेर पाहिलं आणि मग तो पुन्हा लावलाच नाही. प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर ती विचारी, आता काय दिसणार आहे. आईला मी बाजूला घेऊन सांगितलं, ही सून म्हणून आलेली नाही, हिला लेकीसारखी ठेव, हातात काम देऊ नको. आई काही न विचारता न्हाणीघरात पाणी तापवायला गेली. मी दुसऱ्याच दिवशी परत सासरी आलो. ते आठ दिवस मी त्या मोठ्या घरात सासऱ्यांसमोर एकटा बसून काढले.

नवव्या दिवशी मी तिला आणायला गेलो. आईने तिची ओटी भरली, भावांच्या बायका दारापर्यंत आल्या, दमणी जुंपली. ती पायरी उतरली, दोन पावलं चालली आणि मागे वळून माझ्या आईच्या गळ्यात पडून रडू लागली. माहेराहून निघताना पोरी रडतात तशी, मोकळा गळा काढून, कुणाची लाज न धरता. आम्हाला सगळ्यांना थांबावं लागलं. मग तिने डोळे पुसले, गाडीत चढून बसली, आणि मी तिला घेऊन तिच्या बापाच्या घराकडे निघालो.